करवंदीची जाळी

चैत्र सरत आला, की सह्याद्रीच्या माथ्यावरील गवत वाळून पिवळे पडते. ओढ्यांच्या पात्रांत नुसते धोंडे उरतात. पळस, सावर, साग यांसारख्या वृक्षांनी आपली पाने केव्हाच टाकून दिलेली असतात, आणि तापलेल्या कातळावर अनवाणी पाय ठरत नाही. अशा दिवसांत डोंगराच्या उतारावर, जेथे मातीचा थर वीतभरही सापडावयाचा नाही अशा जागी, एक काटेरी झुडूप गर्द हिरव्या पानांनी झाकलेले आणि फळांनी लगडलेले दिसते. हीच करवंदी. तिच्या एकमेकींत गुंतलेल्या झुडपांच्या गर्दीला 'जाळी' असे म्हणतात.

वैशाखात ही फळे पिकून काळी होतात. त्या दिवसांत घाटाच्या पायथ्याशी कर्जतला किंवा माथ्यावर लोणावळा, इगतपुरीला गेले, की ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजांतील स्त्रिया करवंदांच्या पाट्या घेऊन बसलेल्या आढळतात. पहाटे डोंगर चढावयाचा, ऊन चढण्यापूर्वी काट्यांतून एकेक फळ वेचावयाचे, आणि पळसाच्या पानांच्या द्रोणांत घालून ते विकावयाचे, असा त्यांचा क्रम असतो. 'डोंगरची काळी मैना' हे नाव या विक्रीच्या आरोळीमुळेच घरोघर पोचले. मुलांना तर या फळाचा दुहेरी आनंद असतो. फळ दातांनी अर्धे तोडावयाचे आणि आतला गर पाहावयाचा. गर लाल निघाला तर 'कोंबडा' आणि फिका निघाला तर 'कोंबडी'. तोडण्यापूर्वी जो बरोबर ओळखील तो जिंकला. या खेळात हरणाराही पोटभर करवंदे खातो, हे त्याचे वैशिष्ट्य!

जे झुडूप कोणी पेरीत नाही, ज्याला कोणी पाणी घालीत नाही, ते घराच्या परसात किंवा शाळेच्या आवारात लावता येईल काय, आणि लावले तर त्याची निगा कशी राखावी, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यासाठी आधी या झुडपाचा स्वभाव ओळखला पाहिजे.

'करवंद' हा शब्द संस्कृतातील 'करमर्द' या शब्दापासून आला आहे. 'अमरकोशा'त या वनस्पतीला 'कृष्णपाकफल' असेही नाव दिलेले आहे. पिकल्यावर ज्याचे फळ काळे होते ते, असा त्याचा अर्थ. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७६७ साली तिला 'कॅरिसा करंडास' हे शास्त्रीय नाव दिले. कण्हेर, चाफा, सदाफुली आणि कुडा हे करवंदीचे गोतावळ्यातील सोयरे होत. या कुळातील पुष्कळ वनस्पतींप्रमाणे करवंदीचेही पान किंवा कोवळी डहाळी तोडली, की पांढरा, चिकट चीक पाझरतो. येथे एक इशारा दिलाच पाहिजे. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, या एकाच कुळातील असल्या तरी त्या विषारी आहेत. करवंद गोड म्हणून तिच्या सोयऱ्यांची फळे तोंडात घालण्याचे धाडस कोणी कधीही करू नये.

करवंदीच्या काट्याची कथा मोठी मनोरंजक आहे. गुलाबाचा काटा सालीवर वाढलेला असतो. अंगठ्याने जरा दाबला की तो सहज निखळतो. करवंदीचा काटा असा निखळत नाही, कारण तो लाकडाचाच भाग असतो. डहाळीच्या शेंड्यावर जी कळी पुढे वाढून फांदी लांबवावयाची, तीच कठीण होऊन काट्याचे रूप घेते. शेंडा असा थांबला, की वाढीचे काम त्याच्या खालच्या बाजूकडील कळ्यांकडे येते. त्यांतून दोन फांद्या दोन दिशांना फुटतात, आणि काही अंतरावर त्यांचीही तीच गत होते. दर वळणावर फाटे आणि दर फाट्याशी काटे, अशी ही वाढ होत जाते. जाळी इतकी दाट का होते आणि गुरांना तिच्यात तोंड का घालता येत नाही, याचे उत्तर या रचनेत आहे. फांद्या छाटावयाच्या वेळी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तिचा विचार पुढे येईलच.

पाने जाड, चामड्यासारखी आणि वरून तकतकीत असतात. त्यांतून पाण्याची वाफ फारशी उडून जात नाही. मुळे खडकांच्या फटीफटींतून खोलवर जातात आणि वरची माती कोरडी ठणठणीत झाली तरी खालच्या ओलाव्याशी आपला संबंध तोडीत नाहीत. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत फांद्यांच्या टोकांशी पांढऱ्या शुभ्र, नाजूक फुलांचे गुच्छ येतात. प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या आणि खाली एक बारीक नळी असते. संध्याकाळी त्यांचा मंद सुगंध वाऱ्यावर पसरतो. पांढरा रंग आणि हा सुगंध रात्री हिंडणाऱ्या पतंगांना सोयीचा. दिवसा मधमाश्याही फुलांवर येतात. एप्रिलच्या अखेरीस फळे पिकू लागतात आणि पहिल्या पावसापर्यंत पुरतात. पावसाचे पाणी लागले, की ती बेचव होऊ लागतात. उत्तर भारतात 'करौंदा' या नावाने ओळखले जाणारे हेच फळ मात्र तेथे ऐन पावसाळ्यात तयार होते.

डोंगरावर ही जाळी केवळ फळे देऊन थांबत नाही. एखाद्या उजाड माळावर बुलबुलाने टाकलेले किंवा वाऱ्याने आणलेले एखाद्या वृक्षाचे बी रुजले, तर उघड्यावरचे रोप शेळ्यामेंढ्यांच्या तोंडी जाते. तेच बी करवंदीच्या जाळीत पडले, तर काट्यांच्या कुंपणात रोप सुरक्षित राहते. तेथे सावली असते, पालापाचोळ्यामुळे थोडी ओलही असते. काही वर्षांनी ते रोप जाळीच्या डोक्यावरून वर निघते, आणि मग त्याला गुरांचे भय उरत नाही. सह्याद्रीत हिंडताना जाळीच्या मधोमध उभा असलेला एखादा जांभळीचा किंवा आंब्याचा वृक्ष दिसला, तर त्याच्या बालपणाची ही हकीकत सहज ओळखता येते.

करवंदीला मरण सोपे नाही. कोयत्याने तोडली तर ती बुंध्यातून पुन्हा फुटते. माघ-फाल्गुनात डोंगराला वणवा लागला आणि जाळी जळून गेली, तरी जमिनीखालचा गड्डा जिवंत राहतो आणि पावसात त्याला नवे धुमारे येतात. मात्र वणव्याची वेळ आणि फुलोऱ्याची वेळ एकच असल्यामुळे त्या वर्षीची फळे गेलीच. द्रोण भरून विकणाऱ्या बाईच्या उन्हाळ्याच्या कमाईवर त्या आगीचा परिणाम होतो. चांगले गवत यावे म्हणून आग लावणाऱ्याच्या मनात बहुधा ते नसतेच. पण अलीकडच्या काळात डोंगरउतार सपाट करण्यासाठी यंत्रे लावली जातात आणि ती जाळी मुळासकट उपटून काढतात. कुऱ्हाड, शेळी आणि आग यांना पुरून उरणारी करवंदी या यंत्रापुढे टिकत नाही. गावोगावच्या पाणंदींच्या दोन्ही अंगांना पूर्वी जी करवंदीची जिवंत कुंपणे असत, त्यांच्या जागीही आता पुष्कळ ठिकाणी तारा ओढल्या गेल्या आहेत किंवा दगडी भिंती उभ्या राहिल्या आहेत. तार एका दिवसात ओढून होते, हे खरे. पण तारेला करवंदे लागत नाहीत.

आवारात करवंदी लावण्याचे ठरवल्यावर डोंगरावर जाऊन एखादे झुडूप खणून आणावे, असा विचार प्रथम मनात येतो. तसे करू नये. तिचे सोटमूळ खडकात खोलवर गेलेले असते. कितीही जपून खणले तरी ते तुटते, आणि आणलेले झुडूप बहुधा सुकून जाते. म्हणजे डोंगरावरची जाळी गेली आणि बागेतही काही आले नाही. डोंगरावरून आणावयाचे ते फळ, किंवा फार तर मालकाच्या संमतीने कलम.

यासाठी वैशाखातच डोळे उघडे ठेवून हिंडावे. सगळ्या जाळ्यांची फळे सारखी नसतात. एकीचे फळ बोराएवढे मोठे, तर दुसरीचे वाटाण्याएवढे; एकीचे मधुर, तर शेजारच्या दुसरीचे आंबट आणि चिकाळ. ज्या झुडपाची फळे मोठी, गोड आणि कमी चिकाची असतील, त्याची खूण लक्षात ठेवावी आणि त्याचीच पूर्ण पिकलेली फळे बियांसाठी घ्यावी. गर काढून बिया राखेने चोळून धुवाव्या, सावलीत एक-दोन दिवस सुकवाव्या आणि लगेच पेराव्या. करवंदाचे बी साठवणीचे नव्हे. ज्वारीचे किंवा भोपळ्याचे बी मडक्यात घालून पुढल्या वर्षी पेरता येते. करवंदाच्या बियांची उगवण्याची शक्ती मात्र थोड्याच दिवसांत कमी होऊ लागते. निसर्गाने तिचा काळही नेमका साधला आहे. फळे पिकून संपतात न संपतात तोच मृगाचा पाऊस येतो. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाने भरलेल्या पिशवीत किंवा वाफ्यात बोटाच्या एका पेराहूनही कमी खोलीवर बी टाकावे आणि वरून झारीने पाणी द्यावे. पहिल्या वर्षी रोप अगदी सावकाश वाढते. त्यामुळे ते एक वर्ष पिशवीतच जोपासून पुढल्या पावसाळ्यात जमिनीत लावावे.

बियांपासून केलेल्या रोपाला आईचे सगळे गुण येतीलच असे नाही. जिचे फळ आवडले तिचीच हुबेहूब प्रत हवी असेल, तर दाब कलम करावे. करवंदीच्या खालच्या फांद्या स्वभावतःच जमिनीकडे झुकलेल्या असतात, म्हणून हे काम फारसे कठीण नाही. पावसाळ्याच्या आरंभी अशी एक फांदी निवडून तिच्या मधल्या भागावरील साल खालच्या बाजूने थोडी काढावी, तो भाग मातीत दाबावा आणि वर एक दगड ठेवावा. शेंडा बाहेर मोकळा असावा. फांदी मूळ झाडाशी जोडलेली असल्यामुळे तिचे पोषण चालूच राहते आणि मातीत दडलेल्या भागाला हळूहळू मुळे फुटतात. पावसाळा संपत आला, की हलक्या हाताने माती उकरून पाहावी. मुळे चांगली धरलेली असली तर मूळ झाडाकडील बाजूने फांदी कापून कलम वेगळे करावे. नुसती काडी तोडून जमिनीत खोचण्याचा प्रयत्न मात्र सहसा वाया जातो.

तयार कलमेही मिळतात. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने मोठ्या फळांची 'कोकण बोल्ड' ही जात निवडली आहे. उत्तरेकडे पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने 'पंत मनोहर' यांसारख्या जाती दिल्या आहेत. त्यांच्या पांढुरक्या फळांवर गुलाबी छटा असते, आणि ती फळे लोणचे, मुरंबा यांसाठी विशेष उपयोगी पडतात. ज्याला डोंगरावरच्या काळ्या मैनेचीच चव हवी, त्याने मात्र डोंगरावरचेच बी आणावे हे बरे.

जागा निवडताना दोन गोष्टी पाहाव्या: दिवसभर ऊन आणि पाण्याचा निचरा. जमिनीच्या कसाची चिंता करण्याचे कारण नाही. मुरमाड, खडकाळ, जांभ्याची तांबडी जमीन तिला मानवते. काहीशी खारवट जमीनही ती सहन करते. बागेचा जो कोपरा दुसऱ्या कशालाही उपयोगी पडत नाही, तोच तिला द्यावा. मोठ्या झाडाच्या सावलीत मात्र ती लावू नये. तेथे ती उन्हाच्या शोधात लांबट, विरळ फांद्या काढीत बसते आणि फळे मोजकीच देते. काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत लावावयाचीच झाली, तर मातीचा उंचवटा करून त्यावर लावावी.

फळांसाठी लावावयाची असेल, तर दोन झुडपांमध्ये सुमारे ३ मीटर अंतर ठेवावे. प्रत्येक झुडपासाठी ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा, आणि पावसाच्या तोंडाशी चांगली माती व एक-दोन घमेली शेणखत घालून भरावा. कुंपणासाठी लावावयाची असेल, तर चर खणून ६० ते ९० सेंटिमीटरवर रोपे लावावी. कुंपणाच्या दोन ओळी केल्यास दुसऱ्या ओळीतील रोप पहिल्या ओळीतील दोन रोपांच्या मधल्या मोकळ्या जागेसमोर येईल असे पाहावे. जून-जुलैमधील एखाद्या ढगाळ दिवशी लागवड केली, की पुढचे तीन महिने पाऊसच तिची काळजी घेतो.

आता पाण्याचा प्रश्न. अतिप्रेमाने करवंदीचे जितके नुकसान होते तितके उपेक्षेने होत नाही. पहिली दोन वर्षे रोपाची मुळे उथळ असतात, म्हणून हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी घागरभर पाणी घालणे आवश्यक आहे. बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचे आच्छादन घातले तर तेही कमी लागते. तिसऱ्या वर्षापासून मात्र हात आखडता घ्यावा. पुष्कळ बागांत असे होते, की गुलाब, मोगरा, पपई यांना रोज पाणी देताना करवंदीच्या आळ्यातही पाणी सोडले जाते. झुडूप हिरवेगार दिसते, भराभर वाढते, आणि पाहणाऱ्याला धन्यता वाटते. पण फुलांचा हंगाम येतो आणि जातो. फांद्यांवर पानेच पाने असतात. डोंगरावर पावसाळा संपल्यावर जमीन हळूहळू सुकत जाते, वाढ मंदावते, आणि मग झुडूप फुलोऱ्याच्या तयारीला लागते. बागेतही नोव्हेंबरपासून फुले येईपर्यंत तिला असाच कोरडा काळ मिळाला पाहिजे. फळे धरून फुगू लागली, की मार्च-एप्रिलमध्ये एक-दोन वेळा पाणी दिल्यास ती टपोरी होतात. एवढे पुरे.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे साचलेले पाणी. आळ्यात पाणी तुंबून राहिले, की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी वर पोचवू शकत नाहीत, त्यामुळे पाने पिवळी पडून माना टाकतात. झाड तहानलेले दिसते. अननुभवी माळी आणखी पाणी घालतो आणि झुडपाचा शेवट जवळ आणतो. अशा वेळी आधी बोटाने माती उकरून पाहावी. आत चिखल असेल, तर आळे फोडून पाणी बाहेर काढून द्यावे आणि माती वाळू द्यावी.

खताचेही तसेच आहे. दर वर्षी पावसाच्या आरंभी ८ ते १० किलो चांगले कुजलेले शेणखत मोठ्या झुडपाला पुरते. पाने जोमाने वाढवणारी रासायनिक खते दिली, तर पाण्याच्या अतिरेकाप्रमाणेच पानांचा पसारा होतो.

कात्रीचा विचार यापुढचा. येथे कुंपण आणि फळ यांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध जातात, हे आधीच समजून घ्यावे. फुले फांद्यांच्या टोकांशी येतात. ज्या कुंपणाची टोके महिन्या-दोन महिन्यांनी कातरली जातात, त्यावर फुले येणार कोठून? शहरांतील काही उद्यानांत करवंदीची भिंतीसारखी सरळ कापलेली कुंपणे दिसतात. ती नेत्रसुखद असतात, पण त्यांच्याखाली मुले कधी जमत नाहीत. ज्याला कुंपणही हवे आणि करवंदेही हवी, त्याने वर्षातून एकदाच, फळे संपल्याबरोबर जून-जुलैत छाटणी करावी. त्यानंतर फुटलेल्या डहाळ्यांना पक्व होण्यास पुरेसा अवधी मिळतो आणि हिवाळ्याच्या अखेरीस त्यांवर फुले येतात. ऑक्टोबरनंतर कात्री लावली, तर येणाऱ्या वर्षाचे पीकच कापले असे समजावे.

लावणीनंतरच्या पहिल्या वर्षी रोपाचा शेंडा एकदा खुडावा, म्हणजे ते बुंध्यापासून भरते. पुढे शेंडे काटे बनून हे काम स्वतःच करतात, हे वर सांगितलेच आहे. तेथे माणसाने फार हात घालण्याची जरुरी नाही. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि जाळीच्या आत उजेड जाऊ न देणाऱ्या फांद्या तेवढ्या काढाव्या. या कामाला पुऱ्या बाह्यांचा जाड सदरा आणि चामडी हातमोजे हवेत. तोडलेल्या फांद्या हाताने न ओढता, टोकाला दुफाटा असलेल्या काठीने बाजूला कराव्या आणि लगेच उचलाव्या. वाळलेला काटा ओल्या काट्यापेक्षा अधिक बोचतो, आणि तो पायात गेला तर चप्पलही त्याला अडवू शकत नाही. हातांना चीक लागला तर पाण्याने धुण्यापूर्वी खोबरेल तेल चोळावे, म्हणजे तो सुटतो. चीक डोळ्यांत जाऊ नये यासाठी विशेष जपावे.

एखादी जुनी जाळी फार वाढून आतून वाळली असेल, तर तिचे नवीकरण करता येते. पावसाच्या तोंडाशी सगळ्या फांद्या गुडघ्याएवढ्या उंचीवर तोडाव्या. नवे धुमारे येतील, त्यांतील जोमदार तेवढे राखावे. एक-दोन वर्षे फळांवाचून काढण्याची तयारी मात्र हवी.

रोगकिडींचा उपद्रव या झुडपाला फारसा होत नाही. कण्हेरीवर येणारा मोठा हिरवा सुरवंट कधीकधी करवंदीवरही आढळतो. तो चिमट्याने वेचून काढला की झाले. दाट, हवा न खेळणाऱ्या जाळीत पावसाळ्यात पानांवर ठिपके पडतात. छाटणीने उजेड आत गेला की ते कमी होतात. फुलोऱ्यात असताना औषध फवारू नये, कारण त्याने मधमाश्या आणि पतंग दुरावतात आणि फळधारणा घटते.

लावणीनंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळे दिसू लागतात. पूर्ण वाढलेले झुडूप ३ ते ५ किलो फळे सहज देते. ती सगळी एकदम पिकत नाहीत. एकाच घोसात हिरवे, तांबूस आणि काळे अशी तिन्ही अवस्थांतील फळे असतात, म्हणून दोन-तीन दिवसांआड तोडणी करावी लागते. आंबट, कठीण, हिरवी फळे लोणच्यासाठी तोडावी. चीक घालवण्यासाठी ती चिरून मिठाच्या पाण्यात काही वेळ ठेवतात. तांबूस फळांत पेक्टिन नावाचा द्रव्यगुण भरपूर असतो. त्याच्यामुळे उकळलेला रस थंड झाल्यावर घट्ट बसतो, म्हणून जेलीसाठी अशी फळे घेतात. काळी, मऊ फळे तशीच खाण्यासाठी किंवा सरबतासाठी. ती दोन-तीन दिवसांहून अधिक टिकत नाहीत, आणि टोपलीत जाड थर केला तर खालची चेंगरतात. मिठाईवाल्यांकडे आणि केकवर 'चेरी' म्हणून जे गोड, लालभडक फळ दिसते, ते पुष्कळदा साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेले आपले करवंदच असते. ज्याला डोंगरावर दोन रुपयांनाही मागे वळून कोणी पाहत नाही, तेच फळ परक्या नावाने काचेच्या बरणीत मानाने बसते!

वरच्या टोकांवरील फळांपर्यंत काट्यांमुळे हात पोचत नाही. ती काढण्यासाठी फांद्या झोडपू नयेत. त्याने पुढल्या वर्षीच्या डहाळ्या मोडतात. ती फळे बुलबुलांना राहू द्यावी. पहिला पाऊस पडून महिना-दीड महिना झाला, की कुंपणाच्या तारेखाली किंवा लिंबाच्या बुंध्याशी, जेथे हे पक्षी बसतात, तेथे चकचकीत पानांची दोन-चार इवली रोपे उगवलेली सापडतात. ती जपून, मुळाभोवतालच्या मातीसकट काढावी आणि पिशव्यांत लावावी.